बालसुरक्षा प्रशिक्षण : रजत घ्यावं की प्लॅटिनम?

तुमची शाळा आहे, पाळणाघर आहे, गेला बाजार उन्हाळी शिबिराचा एखादा मांडव तरी आहे, आणि ‘वरून पत्र आलंय’ म्हणून कर्मचाऱ्यांचं बालसुरक्षा प्रशिक्षण उरकायचं आहे. घाबरू नका. मुलाच्या शाळेतल्या सखी सावित्री समितीवर, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या समितीवर, मी पालक प्रतिनिधी आहे; म्हणजे वर्षातून दोनदा मला सही करायला बोलावतात. गेल्या शनिवारी असंच बोलावलं आणि एक अख्खं प्रशिक्षण मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं. त्या पुण्याईवर चार युक्तीच्या गोष्टी सांगते.

पहिला प्रश्न पातळीचा. कोणाला किती शिकवायचं? याचा विचार आपण करायचा नसतो, तो एजन्सीनं केलेला असतो. त्यांचं माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर येतं, त्यात तीन पॅकेजं असतात. रजतमध्ये पाऊण तासाचं व्याख्यान आणि पीडीएफ प्रमाणपत्र. सुवर्णमध्ये तेच व्याख्यान, पण प्रमाणपत्र जाड कागदावर, वर अल्पोपाहार. प्लॅटिनममध्ये हे सगळं, शिवाय फाटकावर लावायला ‘आमची शाळा, सुरक्षित शाळा’ असा फ्लेक्स. तुम्ही डोळे मिटून प्लॅटिनम घ्या. एखादं पोर आतून घाबरलंय हे ओळखायला कुठल्या पॅकेजात शिकवतात, असले खोडसाळ प्रश्न विचारू नका. ते तिन्हींत नसतं.

दिवस असा निवडा की शिक्षकांच्या मांडीवर पेपरांचे गठ्ठे असतील. व्याख्यान वाया गेलं तरी पेपर तपासून होतात.

वक्ते ओळखीतले हवेत. संस्थेच्या उपाध्यक्षांचे मित्र असतील तर मानधनाचं पाकीटही पातळ चालतं. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी पाऊण तासातली पस्तीस मिनिटं मोबाइलचे दुष्परिणाम आणि हरवत चाललेले संस्कार यांवर खर्च केली. उरलेल्या दहा मिनिटांत पडद्यावर कार्टून मुलीचं चित्र आलं आणि ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ सुरू झालं. कोणासमोर? शिक्षकांसमोर! सेवेची बावीस वर्षं झालेल्या गणिताच्या सरांना त्या दिवशी कळलं की अनोळखी काकांनी चॉकलेट दिलं तर घ्यायचं नाही. मुलांचा धडा मोठ्यांना वाचून दाखवला की प्रशिक्षण होतं, ही सोय छानच आहे. मुलानं येऊन काही सांगितलं तर मोठ्यांनी काय करायचं, हा अवघड भाग आपोआप टळतो.

तेही ‘अनोळखी काका’च. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, आणि त्रास देणारे निम्मे तरी ओळखीतले, विश्वासातले होते. म्हणजे निम्म्या वेळा काका ओळखीचाच असतो. पण ते सांगायचं तर ओळखीच्या माणसांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये सांगावं लागलं असतं. कशाला उगाच वातावरण खराब करा?

शेवटी चाचणी घ्या. ती गुगल फॉर्मवर घ्या आणि उत्तरं आधी स्टाफच्या ग्रुपवर टाका. आमच्याकडे संगणकाच्या सरांनी एकोणीस जणांचे फॉर्म एका बैठकीत भरले, एकोणीसही जणांना पैकीच्या पैकी.

कॅमेरे बसवा. ते कोणी बघायचे हे ठरवू नका.

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, सहा फुटांवर ठोका. पहिलीतल्या पोराचा हात पोचला म्हणजे? किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसावं, म्हणजे गोपनीयता राहते.

१०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर रंगवला असेल तर कपाट तिथेच बरं दिसतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट : प्रशिक्षणाला कोणाला बसवायचं. साधा नियम आहे, पगारपत्रकात वरून खाली येत जायचं आणि खुर्च्या संपल्या की थांबायचं. म्हणजे मुख्याध्यापिका, पर्यवेक्षक, कायम शिक्षक, मग जागा उरली तर तासिका तत्त्वावरचे. व्हॅनवाले काका आपले नाहीत, ते पालकांनी ठरवलेले. वॉचमन सिक्युरिटी एजन्सीचा. स्वच्छतावाले कंत्राटदाराचे. कराटेचे सर आणि गॅदरिंगच्या डान्सचा मुलगा तर मानधनावरचे, ते येतात कधी नि जातात कधी. अशी सगळी वजाबाकी केली की उरतो तो ‘आपला स्टाफ’. पोरांना वर्गाबाहेर ज्यांच्या हाती सोपवतो ते सगळे या वजाबाकीत जातात, पण हिशोब जुळतो ना!

पोक्सोचे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, २०२० चे नियम काढून बघा. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं, शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करायची आणि ठरावीक काळानं प्रशिक्षणही द्यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या असं नावं घेऊन लिहिलंय. ‘कंत्राटी’ हा शब्द काही शोभेला घातलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आरोपी होता तो कंत्राटी सफाई कर्मचारी. वीस तारखेला लोक रेल्वे रुळांवर बसले होते तासन् तास. मग महाराष्ट्रभर शाळांना जाग आली, कॅमेऱ्यांची कोटेशनं निघाली, समित्या स्थापन झाल्याचे फोटो निघाले. मीही त्याच लाटेत समितीवर आले. फोटोत डावीकडून तिसरी.

असो. युक्त्या सांगत होते.

तर शनिवारी खुर्च्या अठ्ठावीस होत्या. व्याख्यान चालू असताना मावशी चहा वाटत होत्या. ट्रे घेऊन रांगेतून जायचं, रिकामे कागदी कप गोळा करायचे, दार लोटून बाहेर थांबायचं. शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शूला नेणारं, पँटची झिप अडकली तर काढून देणारं, उलटी झाली तर पुसणारं माणूस एकच आहे, त्या मावशी. दिवसाकाठी पन्नास पोरांचे हात त्यांच्या हातात असतात. आणि त्या दाराबाहेर, कारण सुवर्णपासून पुढे अल्पोपाहार असतो आणि तो कोणीतरी वाटायचा असतो.

निघताना जिन्यात त्यांनी मला गाठलं. “ताई, आज कशाचं होतं हो भाषण?”

मी सांगितलं.

“मग मला बसवायचं ना,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, “दुसरीतलं एक पोर आहे. सकाळी बाटली भरून देते मी त्याला, जाताना बघावं तर तशीच. पाण्याचा घोट नाही. आधी तीन-तीन वेळा भरून न्यायचा. विचारलं तर म्हणतो, मावशी, तहानच लागत नाही. मधल्या सुट्टीत नुसता माझ्या मागं मागं असतो. दोन आठवडे झाले. कोणाला सांगायचं असतं हे?”

कोणाला सांगायचं असतं हे! जाड कागदावरची अठ्ठावीस प्रमाणपत्रं वाटली त्या दुपारी, आणि विचारायचा तो एकमेव प्रश्न जिन्यात, चहाच्या ट्रेसकट उभा होता.

आम्ही दोघी तशाच मुख्याध्यापिकाबाईंच्या दालनात गेलो. बाई वाईट नाहीत. पण त्या काय म्हणाल्या? “आधी नीट खात्री करून घेऊ. उगाच संस्थेचं नाव नको. मावशी, तुम्ही त्याला आणि वर्गातल्या दोन-तीन मुलांना इथे घेऊन या, मी विचारते.”

आता मला उपरोध सुचत नाहीये, माफ करा.

बाई, असं नसतं हो विचारायचं! मोठ्या टेबलासमोर, चार पोरांदेखत, सात वर्षांच्या मुलाला? तो ‘काही नाही’ म्हणणार आणि तुम्ही ते वहीत लिहून फाइल बंद करणार. पोर बोललं तर ऐकून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, तोंडात शब्द घालायचे नाहीत, ‘कोणाला सांगणार नाही’ असं खोटं वचन द्यायचं नाही, आणि पुन्हा पुन्हा उलटतपासणी तर मुळीच नाही. हे एका तासात शिकवता येतं. पीएच्.डी. लागत नाही.

आणि ही ‘खात्री’ कुठून काढलीत? लहानसहान बदल दिसला की पालकांना विश्वासात घ्यायचं असतं. आणि गुन्ह्याचा संशय आला, तर पोक्सोचं कलम १९ तुमच्याकडे खात्री मागतच नाही, असा गुन्हा घडण्याची धास्ती वाटली तरी कळवा म्हणतं. तपास पोलिसांचा. चांगल्या हेतूनं कळवलंत तर तुमच्यावर काही येत नाही, हेही त्याच कलमात आहे. दडवलंत तर मात्र कलम २१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसानं केलेलं संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला, आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं सांगितलं. ही तुमची पातळी आहे, बाई, तुमची आणि ट्रस्टींची. तुम्हाला कलमं यायला हवीत. वर्गशिक्षकांना ऐकायला आणि लिहायला यायला हवं. आणि ओळखायचं कसं, सांगायचं कोणाला, हे मावशींपासून व्हॅनवाल्या काकांपर्यंत एकूण एक माणसाला. तुम्ही कोणालाच काही शिकवलं नाहीत. फ्लेक्स लावलात.

मुलाच्या आईला बोलवा, म्हणून मी तिथेच बसून राहिले. आईनं रात्री घरी, जेवताना, सहज विचारलं. जूनपासून मुलांच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली आहे. मोठ्या वर्गातली पोरं दार ढकलतात आणि हसतात. म्हणून पाणी प्यायचं नाही, म्हणजे जावं लागत नाही.

या वेळी एवढंच निघालं. ‘बघा, काहीच नव्हतं, उगाच बाऊ केला,’ असं म्हणाले उपाध्यक्ष. सात वर्षांचं पोर दोन आठवडे कोरड्या घशानं बसतंय तुमच्या वर्गात, आणि म्हणे काहीच नव्हतं! आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? प्रशिक्षणाच्या हजेरीपटाखाली समितीची सही माझीच आहे. घाई होती, भाजी घ्यायची होती, केली.

कडी अजून बसलेली नाही. खर्च मंजुरीला ठेवलाय म्हणे. मावशींनी दाराला नाडी बांधलीय, ती आतून खिळ्याला अडकवायची. काल मी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली, चार स्क्रूंसकट, उद्या सुताराला घेऊन येतेय. आणि येत्या शनिवारी ते प्रशिक्षण परत घ्यायचं, त्या गृहस्थांना न बोलावता. व्हॅनवाले, वॉचमन, कराटेचे सर, सगळे हवेत, आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर मावशी. चहा मी करते.