नाटकाला किती जण येणार, एवढंच सांगा!

मला आमच्या घरच्यांकडनं फक्त एक आकडा पाहिजे होता. नाटकाला किती जण येणार? बस्स. नाटक कुठलं, जायचं कसं, जेवायचं कुठं, बाकी सगळं मी बघणार होते. श्रावणातल्या सत्यनारायणाला विषय निघाला आणि दसऱ्याचं सोनं वाटून झालं तरी तो आकडा मला कुणी दिला नाही. अकरा. मग नऊ. मग चौदा. "दहा धर गं." "धर की बारा, कोण ना कोण येतंयच." अरे धर काय धर! खुर्चीला नंबर असतो. नंबराला पैसे पडतात.

आमच्याकडं सगळं लग्नाच्या पंगतीच्या हिशोबानं चालतं. पाचपन्नास माणूस जास्तीचं आलं तर आमटीत पाणी वाढवा, आणखी एक पट्टी अंथरा, जरा सरकून बसा. नाट्यगृहात कोण सरकणार? 'जी' रांगेतल्या बारा नंबरच्या खुर्चीत एकच माणूस बसतं. हे मी आत्याबाईंना समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "नात काय, मांडीवर बसंल की माझ्या." नात दुसरीत आहे. आत्याबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. अडीच तास ती मांडीवर बसणार, आणि तिसऱ्या घंटेपर्यंत डोअरकीपर डोळे मिटून उभा राहणार!

मुळात इच्छा होती सासूबाईंची. लग्नाआधी दादरला मावशीकडं राहायला गेल्या की शिवाजी मंदिरात नाटक बघायच्या, तसं एकदा परत बघायचं म्हणाल्या. आईंवर माझा काडीचा राग नाही. त्या बिचाऱ्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "आपण दोघी जाऊन येऊ गुपचूप." ऐकायला पाहिजे होतं त्यांचं. पण ते वाक्य जाऊबाईंच्या कानावर पडलं, तिथनं ते फॅमिली ग्रुपवर गेलं, आणि मग काय, कधी नाटकाचं नावसुद्धा न काढणारी माणसं एका रात्रीत रसिक झाली.

ह्याच माणसांना सांगलीत नाटक बघायला वेळ नसतो, हे लिहून ठेवा. भावे नाट्यमंदिरात दौऱ्यावरची नाटकं येतात. घरापासनं रिक्षानं दहा मिनिटं. तेव्हा काय म्हणतात? "गावातलंच आहे, बघू पुढच्या टायमाला." आणि ते नाटक बघायला आता पावणेचारशे किलोमीटरवर जायचं, तेही मुंबईला, कारण मुंबईचं म्हटलं की फोटो टाकता येतात.

त्यात आमचे काका. काकांना किती जण येणार विचारलं की ते १८४३ सालापासनं सुरुवात करतात. विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' इथंच केलं, देवल आपल्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आपल्यामुळं, भावे पदक घ्यायला भलेभले सांगलीत येतात. सगळं खरं आहे, काका. नाट्यपंढरी आहे, मान्य. पण तुम्ही आणि काकू येणार का? "बघू की."

हे 'बघू की' ऐकलं की आता माझ्या डोक्यात तिडीक जाते.

तारखेचं तर विचारूच नका. गणपतीत नको, घरी गौरी. नंतर पितृपक्ष, त्यात करमणूक कशाला. नवरात्रात घट बसलेले, जाऊबाईंचे नऊ दिवसांचे उपास. पोरांची सहामाही. तासगावच्या मामांची द्राक्षबाग आहे, त्यांची ऑक्टोबर छाटणी; एकदा छाटणी झाली की फवारण्या आणि डोळे आभाळाकडं, माणूस बाग सोडून हलत नाही. मामांचं कारण मला पटतं, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "पोरी, मला धरू नकोस." अख्ख्या खानदानात सरळ 'नाही' म्हणणारा एकटा माणूस! त्यांचे पाय धरावेसे वाटले. बाकीच्यांना 'नाही' म्हणता येत नाही आणि 'हो' म्हटलं तर पैसे द्यावे लागतील, म्हणून मधेच लोंबकळत राहतात.

शेवटी कोजागरीनंतरचा रविवार ठरला. म्हणजे मी ठरवला.

आता रेल्वे. महालक्ष्मीनं रात्री सांगलीत बसायचं, सकाळी दादर. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासनं ६० केलंय. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. म्हणजे मला नावं, वयं आणि संख्या ६० दिवस आधी हवी. आणि नाटकाचं कसं असतं? रविवारच्या प्रयोगाची जाहिरात पेपरात येते प्रयोग तोंडावर आल्यावर, प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचं बुकिंग, उघडतो तोही त्याच सुमाराला. दोन महिने आधी नाटकाचं नाव कुठनं सांगू? तर आमच्याकडं एक गट म्हणतो, "आधी नाटक कुठलं ते सांग, मग येतो का नाही ते सांगतो." दुसरा गट म्हणतो, "आधी गाडीचं तिकीट कन्फर्म होऊ दे." तिसरा गट नुसता अंगठा दाखवतो. त्या अंगठ्याचा अर्थ मेसेज वाचला एवढाच असतो, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

वयं गोळा करायची ही आणखी एक गंमत. वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, स्वतःचं वय आधी एक सांगितलं आणि आधार कार्डाचा फोटो पाठवला तो वेगळंच सांगत होता. काका म्हणाले, "माझं सीनिअरचं स्वस्तातलं काढ." काका, रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासनं बंद आहे. विश्वास नाही. तीन जणांना फोन करून खात्री केली आणि मग जाहीर केलं की आपण एसटीनं जाऊ. का? तर ७५ च्या पुढं एसटी फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट. काकांचं फुकट, काकूंचं अर्धं, हिशोब चोख आहे. पण कराडच्या पुढं ज्यांना दर तासाला खाली उतरावं लागतं, त्यांनी मुंबईपर्यंत एसटीचा हट्ट धरावा? ड्रायव्हर काय आपल्या घरचा आहे?

ह्या सगळ्या घोळात महालक्ष्मी वेटिंगवर गेली. ग्रुपवर लगेच प्रश्न, "अगं, एवढा उशीर कसा झाला?"

मी फोन उलटा ठेवला आणि भांडी घासली. घासायला बाई येते आमच्याकडं, तरी घासली.

मग मुंबईचं पुणं झालं. आईंचं दादर राहिलं ते राहिलंच, त्यांना कुणी विचारलं पण नाही. सतरा सीटर ट्रॅव्हलर करायची, पहाटे पाचला निघायचं, बालगंधर्वला दुपारचा साडेबाराचा प्रयोग, संध्याकाळी परत. सांगली ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं अंतर. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी. कागदावर पाच तास. पण आमच्या माणसांचा पहिला चहा पेठ नाक्यालाच होतो. साताऱ्यात कंदी पेढे घेतल्याशिवाय गाडी हलत नाही, ते येताना घेता येतील हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. खंबाटकी आली की भाऊजींच्या धाकट्याला उलटी ठरलेली, आणि खेड-शिवापूरच्या टोलला रविवारची रांग. म्हणून मी म्हटलं, चारला निघू. जाऊबाई म्हणाल्या, "चारला कोण उठतंय? नाटकाला चाललोय का काशीला?"

आणि मग सुरू झालं ते 'पुण्यात गेलोच आहोत तर'. गेलोच आहोत तर दगडूशेठला जाऊ. गेलोच आहोत तर तुळशीबागेत अर्धा तास. त्या तुळशीबागेत अर्ध्या तासात आमच्या बायकांची चप्पलसुद्धा पसंत होत नाही. गेलोच आहोत तर भाच्यानं हिंजवडीला फ्लॅट घेतलाय, तो बघून येऊ. बालगंधर्व कुठं, हिंजवडी कुठं! एकानं तर विचारलं, "मग नाटकाला वेळ मिळंल का?"

नाटक निवडताना आणखी वेगळं महाभारत. विनोदी म्हटलं तर काका नाक मुरडतात, हल्ली विनोदाचा दर्जा राहिला नाही. गंभीर म्हटलं तर वन्सं म्हणतात, रडायला एवढ्या लांब कशाला, घरात कमी आहे का. संगीत नाटकाला पोरं ओरडतात. शेवटी जे हलकंफुलकं, दोन अंकी, ओळखीच्या चेहऱ्यांचं होतं ते घेतलं. त्यावर सगळ्यांचं मत एकच: "ठीक आहे."

आता बुकिंगची गोष्ट ऐका, ह्यात माझं रक्त खरंच आटलं. प्लॅन उघडला तशी मी ॲपवर बसले. पुढच्या रांगा पाचशेच्या, मागच्या तीनशेच्या. आत्याबाईंच्या गुडघ्यासाठी खाली, कडेच्या खुर्च्या हव्यात. 'जी' रांगेत सलग मोकळ्या दिसल्या. एका दमात दहाच खुर्च्या निघत होत्या, त्या निवडल्या. वर घड्याळ उलटं पळायला लागलं, तेवढ्या वेळात पैसे भरले नाहीत तर खुर्च्या सुटतात. वन्संचं शेवटचं विचारावं म्हणून फोन लावला. "थांब हं, ह्यांना विचारते." वन्संचे 'हे' आंघोळीला. मला फोनमधनं बादलीचा आवाज येतोय, वन्सं दार वाजवताहेत, "अहो, नाटकाचं काय करायचं?" आतनं आवाज, "कुठलं नाटक?" सत्यनारायणापासनं ग्रुपवर दोनशे मेसेज पडलेत आणि हा माणूस विचारतोय कुठलं नाटक! इकडं घड्याळ संपलं. परत प्लॅन उघडला तर मधल्या चार खुर्च्या लाल झालेल्या. आमची मंडळी आता तीन ठिकाणी बसणार आहेत. आत्याबाई खाली आहेत, तेवढं मी सोडलं नाही. काका-काकू बाल्कनीत. काका अजून रुसलेत. नाट्यपंढरीच्या माणसाला बाल्कनी!

पैसे कुणी दिले? आईंनी. डब्यातल्या नोटा मोजून, स्वतःचे आणि माझेसुद्धा. बाकीच्यांना यूपीआयचा क्यूआर पाठवला. एकानं नमस्काराचे हात टाकले, एकीनं "पाठवते गं" लिहिलं, भाऊजी म्हणाले, "घरातल्या घरात काय पैशाचं काढतीस, होतंय की." हो, होतंय. माझ्या खात्यातनं झालं पण. नवऱ्याला सांगितलं तर त्याचा एक ठेवणीतला सल्ला: "तू सगळ्यांना विचारतेसच कशाला?" न विचारता गेलो असतो तर 'आम्हाला कुणी विचारलं नाही' म्हणून पुढची दोन लग्नं ह्याच विषयावर गाजली असती, आणि तेव्हा हा गप्प बसून जिलबी खात बसला असता.

भडंगाचं पण सांगून टाकते. जाऊबाईंनी दोन किलो भडंग करून पिशव्या भरून ठेवलेत, गाडीत खायला. गाडीत खा, मधल्या सुट्टीत बाहेर खा. पण एकदा कसंबसं भावे नाट्यमंदिरात नेलं तेव्हा जाऊबाईंनी पहिल्या अंकातच प्लॅस्टिकची पिशवी सोडली होती. स्टेजवर बाई गप्प होऊन पत्र वाचतेय आणि आमच्या रांगेतनं कुर्रम कुर्रम. पुढच्या माणसानं वळून बघितलं तर ह्यांनी त्यालाच मूठभर पुढं केले. ह्या वेळी गाडीतनं उतरताना पिशव्या मी मोजून ड्रायव्हरजवळ ठेवणार आहे. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे.

परवा निघायचं. आज दुपारी वन्संचा फोन: "अगं, आमचं काही जमत नाही बघ. ह्यांच्या ऑफिसात ऑडिट लागलंय." ऑडिट लागलंय की आंघोळ अजून संपली नाही, देव जाणे. नाटकाचं तिकीट परत होत नाही, हे मी बुकिंगच्या आधी मोठ्या अक्षरात ग्रुपवर टाकलं होतं. त्याला सगळ्यात पहिला अंगठा वन्संचाच होता. फोन ठेवेपर्यंत काकांचा आला, त्यांचे मिरजेचे व्याही-विहीणबाई आणि त्यांचा मुलगा तयार झालेत. म्हणजे खुर्च्या दोन, माणसं तीन. "तिसऱ्याचं दारात बघू की," काका म्हणाले. व्याह्यांकडनं पैसे कसे मागायचे, तेही तुम्हीच बघा म्हटलं, तर काकांना ऐकू येईना.

वन्सं भाऊबीजेला ओवाळायला येतीलच. त्या दोन तिकिटांचे हजार रुपये कापूनच ओवाळणीचं पाकीट भरायचं, असं नवऱ्याला आजच सांगून ठेवलंय. आणि पाकिटात रोख कमी पडली म्हणून कुणी विचारलं, तर आत तिकिटांची प्रिंट घालून ठेवलीय.