कपाटातला छापखाना

नोटा छापणं नाशिकला नवं नाही. नाशिकरोडचा छापखाना 1928 पासून तेच करतोय. तुमच्या ऑफिसातही एक छापखाना कधीचा पडून आहे, फक्त तुमचं तिकडे लक्ष नाही. झेरॉक्स मशीनच्या मागे, जुन्या फायलींच्या कपाटात घुमत बसलेला तो चार डिस्कचा काळा नॅस, म्हणजे साऱ्या ऑफिसच्या फायली नेटवर्कवरून पुरवणारा डबा. रात्री शटर पडलं की तो नुसत्या फायली सांभाळतो. एवढा महागाचा डबा बसून खातोय हे बरं दिसत नाही. त्याला क्रिप्टोच्या कामाला लावा, म्हणजे गणितं सोडवून डिजिटल नाणी काढायला.

बिटकॉइनच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठीच बनवलेलं एकेक मशीन सेकंदाला 200 लाख कोटी हॅश (त्या गणिताचे प्रयत्न) काढतं आणि साडेतीन हजार वॅट खातं. मोनेरो हे दुसरं नाणं धरा. त्याचं रँडमएक्स हे गणित 2019 पासून चालू आहे आणि ते मुद्दाम साध्या सीपीयूला झेपेल असं रचलंय. नॅसवर तयार प्रोग्रॅम चालवणारा कंटेनर मॅनेजर उघडा, कुणा अनोळखी माणसाने बनवलेली एक्सएमरिग या मायनरची (नाणी काढणाऱ्या प्रोग्रॅमची) इमेज, म्हणजे तयार गठ्ठा, उतरवा आणि ह्यूज पेजेससाठी (मेमरी मोठ्या तुकड्यांत वापरण्यासाठी) तिला प्रिव्हिलेज्ड, म्हणजे सगळी मोकळीक देणारी, परवानगी देऊन टाका. अनोळखी माणसाच्या हाती रूट, म्हणजे डब्याचा पूर्ण ताबा, गेला तर काय बिघडलं? आत अशिलांची पॅन कार्डंच तर आहेत.

सेलेरॉन जे4125 सारख्या चिपला कोर चार, पण कॅश (चिपमधली झटपट मेमरी) 4 एमबी. रँडमएक्सला दर थ्रेडमागे (एका वेळी चालणाऱ्या एकेका कामामागे) 2 एमबी कॅश लागते, म्हणजे नीट चालतात ते दोनच थ्रेड. चार लावले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. तुम्ही चारच लावा. रॅम 2 जीबी असेल तर आणखी मजा. वेगवान पद्धतीत नुसत्या डेटासेटलाच 2 जीबीहून थोडी जास्त मेमरी लागते. ती नसली की मायनर 256 एमबीच्या लाइट मोडवर उतरतो आणि वेग कित्येक पटींनी पडतो. किंवा सिस्टीम स्वॅपवर जाते. स्वॅप म्हणजे रॅमऐवजी वापरलेली डिस्कवरची जागा, त्यामुळे रात्री झोपणाऱ्या डिस्क रात्रभर कुरकुरत राहतात. त्या आवाजाला बरकत समजावं.

आता कमाई. हात सैल सोडून धरू: तुमचा डबा सेकंदाला 1,000 हॅश काढतो आणि जगभरचं नेटवर्क पाच अब्ज. म्हणजे तुमचा वाटा पन्नास लाखांत एक. मोनेरोत दर दोन मिनिटांना एक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) आणि त्यामागे 0.6 नाणं, म्हणजे दिवसाला साऱ्या जगात मिळून 432 नाणी. तुमच्या पदरात रोज 0.0000864. पूल (अनेक मायनरांची एकत्र कमाई वाटून देणारी सेवा) 0.1 नाणं झाल्याशिवाय पैसे सोडत नसेल, तर पहिला हप्ता तीन वर्षं उलटून गेल्यावर. नॅसच्या बऱ्याच डिस्कची वॉरंटीही तीनच वर्षांची असते, तेव्हा दोन्ही कागद एकाच फायलीत लावता येतील.

नाण्याचा भाव 25,000 रुपये धरला तर महिन्याला 65 रुपये. जादा 15 वॅट चोवीस तास चालले की महिन्याला 11 युनिट. दहा रुपये दराने 110. तरी नाणी विकताना 30 टक्के कर द्याच, 2022 पासून तो आहे. वीजबिल त्यातून वजा करता येत नाही, तोटा दुसऱ्या कशात वळता होत नाही. ऑफिस सीएचं असेल तर हा भाग साहेबांनाच समजावून सांगायला लावा. कर जाऊन उरलेल्या पंचेचाळीस रुपयांत नाशिकमध्ये मिसळीची प्लेटसुद्धा येत नाही.

थंडाव्याची चिंता करू नका. निफाडचा पारा साऱ्या महाराष्ट्रात खाली उतरतो हे कुणालाही ऐकवा. कपाटाच्या आत निफाड नसतं, एवढंच. एप्रिलात दार लावलेल्या कपाटात सीपीयू शंभर टक्क्यांवर, पंखा धूळ ओढतोय, आणि वीस तारखेला जीएसटीआर-3बीसाठी चौघांनी एकदम त्याच डब्यावरचं टॅली उघडलंय. व्हाउचर सेव्ह होईना की ‘नेट स्लो आहे’ म्हणा. लॅनवरच्या, म्हणजे ऑफिसातल्या ऑफिसात फिरणाऱ्या, फायलीचा नेटशी काही संबंध नसतो, पण हे आजवर कुणी विचारलेलं नाही. एखादी डिस्क गेलीच तर नवी घालून रेड 5 चं (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणाऱ्या मांडणीचं) रीबिल्ड सुरू करा आणि मायनर मात्र थांबवू नका. मोठ्या डिस्कचं रीबिल्ड एरवीच तासन्‌तास चालतं, आता आणखी रेंगाळेल. तेवढ्यात तेवढीच तापलेली दुसरी डिस्क बसली की सगळा व्हॉल्यूम, म्हणजे साऱ्या डिस्कवरचा मिळून डेटा, संपला. बॅकअप त्याच व्हॉल्यूमवर ठेवला असेल तर शोधाशोध तरी वाचते.

फोटो स्टुडिओवाल्यांनी चिया हे नाणं बघावं, त्यात सीपीयूऐवजी जागा लागते. एक प्लॉट (त्यासाठी डिस्कवर भरून ठेवायची फाइल) सुमारे 108 जीबीचा. 4 टीबीच्या डिस्कवर 36 बसतात, फक्त लग्नांची फुटेज तेवढी काढून टाकावी लागतील.

एवढा खटाटोप नको असेल तर काम बाहेर द्या. राउटरवर यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) चालू ठेवा, 5000 किंवा 8080 पोर्ट (नॅसच्या लॉगिनचं दार) थेट इंटरनेटवर उघडा, अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड ऑफिसच्या नावापुढे 123, आणि अपडेटची सूचना दिसली की ‘नंतर’. 2014 मध्ये सायनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर असंच कुणीतरी 50 कोटींहून जास्त डोजकॉइन काढून नेले; ती फट बुजवणारं अपडेट तोवर आलेलं होतं. 2021 च्या डिसेंबरात क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर ‘ऊम_रीपर’ नावाची प्रोसेस निम्मा सीपीयू खाताना सापडली. याच नावाची खरी प्रोसेस कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) असते, पण तिचा पीआयडी (प्रोसेसचा ओळखक्रमांक) हजाराच्या आत असतो; हिचा हजाराच्या वर. तुम्ही अर्थातच पीआयडी बघणार नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला युनिटीमायनर हा चोरटा मायनर तर डॅशबोर्डवरचा सीपीयूचा खरा आकडाच झाकून ठेवायचा. बाकी माणूस समजूतदार: चारपैकी दोनच कोर स्वतःला घ्यायचा, दोन तुम्हाला सोडायचा. तुम्ही स्वतः चारही लावले होते.