लग्नात वाजला म्हणून बाटला?

आमच्या कुडाळच्या बाजूला सध्या एका मालवणी रॅपरवरून जुंपली आहे. भाचा फोनवर तावातावाने सांगत होता, "मामा, तेचा गाणा आता लग्नात डीजे वाजवता. तो खयचो अंडरग्राउंड?" त्याच्या मते मोजके लोक ओळखतात तोच खरा. ऐकणारे वाढले की विकला गेला.

मी राहतो बर्लिनमध्ये, म्हणजे अंडरग्राउंड संगीताच्या पंढरपुरात. १९८९ मध्ये भिंत पडली तेव्हा पूर्व भागात मालकाचा ठावठिकाणा नसलेल्या इमारती ओस पडल्या होत्या. पोरांनी तिथे टेक्नो, म्हणजे यंत्रांवरचं ठेक्याचं नाचाचं संगीत, सुरू केलं. 'ट्रेसॉर' क्लब तर १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, तिजोरीच्या खोलीत सुरू झाला. २००५ मध्ये ती जागा गेली, दोन वर्षांनी तो एका बंद वीजकेंद्रात पुन्हा उभा राहिला. २०१६ मध्ये कोर्टाने 'बेर्गहाइन' या टेक्नो क्लबमधल्या रात्रींना मैफल मानलं आणि तिकिटांवरचा कर १९ वरून ७ टक्क्यांवर आला. २०२४ मध्ये बर्लिनचं टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. भाच्याच्या हिशोबाने इथलं सगळं केव्हाच बाटलं! पण आजही कित्येक क्लबांच्या दारात मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात आणि आत काय वाजवायचं ते वाजवणारा ठरवतो.

अनोळखी असण्याचं माप कोकणात मुळातच चालत नाही. वाडीत अनोळखी कोण असतो? गाणारा कोणाचा, त्याच्या आज्याने कुठल्या दशावतारी कंपनीत राजपार्ट केला, सगळं लोकांना पाठ. डबलबारी भजनाच्या सामन्यातले बुवा घ्या. दोन बुवा समोरासमोर, एकाने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर, आणि गजर रंगला की कोणी उठायचं नाव घेत नाही. सिंधुदुर्गात पोराटोरांना त्यांची नावं माहीत, मुंबईत चाकरमान्यांपलीकडे फारशी कुणाला नाहीत. वर्तमानपत्रात नाटकाचं परीक्षण येतं, बारीचं मी तरी कधी वाचलेलं नाही. तेवढ्यावरून बुवांना अंडरग्राउंड म्हणायचं? शहराने लक्ष दिलं नाही हा शहराचा करंटेपणा. त्यात बुवांचं कर्तृत्व ते काय!

मी बघतो पैशाकडे. किती मिळाला यापेक्षा कोणी दिला, आणि देणाऱ्यासमोर काय गिळावं लागलं, याकडे. समोर बसलेल्या काकांनी १०१ रुपये बक्षीस दिलं आणि बुवांनी माइकवरून त्यांचं नाव घेतलं, यात मला काही वावगं दिसत नाही. ऐकणाराच देतोय. पण मागे पुढाऱ्याचा बॅनर गाणाऱ्यापेक्षा मोठा असला आणि सुपारी त्याचीच असली, की आधी त्याचे गोडवे गावे लागतात. इथे बर्लिनमध्ये सरकारी अनुदान घेऊन सरकारलाच झोडपणारे कलाकार आहेत. अर्थात इथेही सगळं आलबेल नाही. गाझाबद्दल बोललो म्हणून अनुदान गेलं, अशा तक्रारी २०२३ पासून ऐकतोच आहे.

तेव्हा लग्नात वाजला म्हणून तो पोरगा बाटला, हे मला पटत नाही. लग्नात निदान पुढाऱ्याचा बॅनर नसतो. (अजून तरी.) २०२३ मध्ये राजापूरच्या बारसूत रिफायनरीच्या माती परीक्षणावरून रान पेटलं होतं. बाजूने असो वा विरोधात, त्यावरचं एक कडवं तो गणपतीत एखाद्या पुढाऱ्याच्या मंडपात म्हणतो का बघ, असं मी भाच्याला सांगितलं.

"म्हणात," भाचा म्हणाला, "पण फुडल्या वर्सा सुपारी कोण देतलो?"