अणुकेंद्रक मोजतात, पण काट्यावर नाही

‘सेकंदभरही न टिकणाऱ्या अणुकेंद्रकाचं वस्तुमान मोजता येत नाही, नुसतं गणितानं काढतात’ असा मेसेज नागपुरातल्या बीएस्सीच्या ग्रुपांवर फिरतोय. चूक आहे. कॅनडातल्या ट्रायम्फ या अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत लिथियम-११ मोजलंय, त्याचं अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं विघटित व्हायला लागणारा वेळ) जेमतेम ९ मिलिसेकंद! इतवारीतल्या सराफाचा काटा इथे कामाचा नाही. पेनिंग ट्रॅप हा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, अडकवून ठेवणारा सापळा; त्याच्या चुंबकक्षेत्रात आयन गरगरतो. मोजायची ती त्याची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती फेऱ्या. ७ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकक्षेत्राचं एकक) क्षेत्रात, एकच विद्युतभार असलेला १०० वस्तुमानांकाचा आयन सेकंदाला सुमारे १०.७ लाख फेऱ्या मारतो. जड आयन, कमी फेऱ्या. चुंबकक्षेत्र हळूहळू बदलतं, म्हणून आधी आणि नंतर सीझियम-१३३सारखा ओळखीच्या वस्तुमानाचा आयन मोजून दोन्ही वारंवारतांचं गुणोत्तर घेतात, त्यावरून वस्तुमान निघतं. खरी डोकेदुखी भेसळीची: त्याच वस्तुमानांकाचा दुसरा आयन सोबत शिरला, की वारंवारताच सरकते.