२५२० वाला मेसेज परत फिरतोय, त्यातल्या फेका बघू

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी: २५२० म्हणे १ ते १० सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी जगातली एकमेव संख्या, सम आकड्यांनीही भाग जातो आणि विषमनेही, रामानुजननी शोधली, गणितज्ञ चक्रावले, आणि गुपित काय तर ७ × ३० × १२, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस, वर्षाचे महिने.

एकमेव कशी काय? दुप्पट करा, ५०४०. तिप्पट करा, ७५६०. दोन्ही चालतात, पुढची प्रत्येक पट चालते, संपतच नाही. २५२० ही त्यातली सगळ्यात लहान, शाळेतला लसावि हो, ८ × ९ × ५ × ७, बाकीचे २, ३, ४, ६, १० ह्यातच आले. १ ते २० चा काढला तर २३,२७,९२,५६० येतो, त्याला कोणी अद्भुत म्हणत नाही बिचाऱ्याला.

सम-विषमचं तर सोडाच, ६ ला पण २ आणि ३ दोन्हींनी भाग जातो.

आता ते ७ × ३० × १२. गुणाकार बरोबर आहे, पण खरं वर्ष ३६५ दिवसांचं, ते घेऊन ७ × ३६५ केलं की २५५५, ज्याला २ ने सुद्धा भाग जात नाही. मग ३० × १२ ने का जमतं? कारण ३६० ला १ ते १० मधल्या फक्त ७ ने भाग जात नाही, बाकी सगळ्यांनी जातो, आणि आठवडा नेमका सातचा, म्हणून राहिलेली फट बुजली. आठवडा पाच दिवसांचा असता तर १८०० आले असते आणि गुपित तिथंच बारगळलं असतं.

रामानुजननी शोधली हे पण खोटं. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनेच आदर्श नगरात ५०४० नागरिक असावेत असं लिहून ठेवलंय, कारण तेच, १ ते १० ने भाग जातो. पण रामानुजनचा संबंधच नाही असंही नाही हं. १९१५ च्या त्यांच्या पेपरात अशा संख्या आहेत ज्यांना त्यांच्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक (निःशेष भाग जाणारे आकडे) असतात. २५२० त्यातलीच, ४८ विभाजकवाली. त्यांचा तक्ता थेट ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जातो, हिचे विभाजक १०,०८०, आणि हे सगळं कॉम्प्युटरशिवाय (मधली एकच सुटली, २,९३,३१,८६,२५,६००).

आणि खरी भारी गोष्ट मेसेजवाल्याला माहीतच नाही. ह्या जातीच्या २५२० पेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येला २५२० ने भाग जातो, कितीही पुढे गेलात तरी. आपल्यानंतरच्या सगळ्यांना असं भागणाऱ्या ह्या जातीत फक्त सहाच: १, २, ६, १२, ६० आणि २५२०. तक्त्यातली ती शेवटची संख्या घ्या आणि भागून बघा, २,६७,७१,१४,४४०, बाकी शून्य.