स्ट्रक्ट खरंच हवं का? तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की सी भाषेत विद्यार्थ्यांचे रोल नंबर, गुण आणि श्रेणी यांचे तीन वेगळे अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या घटकांच्या सलग याद्या) ठेवले तरी काम भागतं. नवशिक्यांवर स्ट्रक्टचं, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधणाऱ्या रचनेचं, ओझं कशाला, शिवाय पॅडिंगमध्ये, म्हणजे स्ट्रक्टमध्ये मोकळ्या सोडलेल्या बाइटमध्ये, मेमरी वाया जाते ती वेगळीच.

काम भागतं, पण गुणांप्रमाणे क्रम लावायची वेळ येईपर्यंतच. गुणांचा अ‍ॅरे क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनकडे दिलात की गुण जागा बदलतात, रोल नंबर मात्र होते तिथेच राहतात. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात आणि कंपायलर (कोड यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्राम) अवाक्षर काढत नाही. काढणार तरी कसं? तिन्ही अ‍ॅरेंमधला सातवा घटक एकाच विद्यार्थ्याचा आहे, हे फक्त तुमच्या डोक्यात आहे, कोडमध्ये कुठेच नाही. स्वतः सॉर्ट लिहून तिन्हीकडे अदलाबदल करता येते, हे खरं. पण उद्या चौथा अ‍ॅरे आला की अशी प्रत्येक जागा शोधत बसा. स्ट्रक्टच्या अ‍ॅरेत अख्खा विद्यार्थी हलतो. आकार साइझऑफने (बाइटमधला आकार सांगणाऱ्या ऑपरेटरने) दिला असेल तर नवा मेंबर (स्ट्रक्टमधला घटक) वाढवूनही सॉर्टच्या ओळीला हात लावावा लागत नाही.

पॅडिंगचा मुद्दा रास्त आहे. कॅर (1 बाइटचं अक्षर), इंट (4 बाइटची पूर्ण संख्या), कॅर असा क्रम ठेवलात तर 6 बाइटच्या माहितीला नेहमीच्या मशीनवर 12 बाइट लागतात, कारण तिथे इंटला 4 च्या पटीतला पत्ता हवा असतो. इंट आधी घ्या, 8 बाइटमध्ये भागतं. हा क्रम कंपायलर स्वतःहून बदलत नाही, तो आपणच लावायचा. आणि या मोकळ्या बाइटमध्ये काहीही असू शकतं, म्हणून दोन स्ट्रक्ट मेमकंपने, म्हणजे नुसते बाइट ताडणाऱ्या फंक्शनने, ताडू नका. एकेक मेंबर ताडा.

लाखो नोंदींमधून फक्त गुणांची बेरीज करायची असेल, तर सलग अ‍ॅरे कॅशमुळे (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीमुळे) बहुधा वेगवान ठरतो, हेही मान्य. पण तेव्हाही त्या अ‍ॅरेंचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) आणि नोंदींची संख्या एका स्ट्रक्टमध्ये ठेवा, म्हणजे फंक्शनला एकच गोष्ट द्यावी लागते.

नवशिक्यांबद्दल माझं मत तुमच्या अगदी उलट आहे. स्ट्रक्ट नसलेल्या सीमध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचा प्रयत्न तिचे एक जनक केन थॉम्पसन यांनी 1972 मध्ये सोडून दिला होता. स्ट्रक्ट आल्यावर 1973 मध्ये तिचं कर्नल, म्हणजे गाभा, सीमध्ये लिहिलं गेलं. म्हणून मी अ‍ॅरे झाल्या झाल्या, पॉइंटरच्याही आधी, स्ट्रक्टच शिकवतो.