तेराव्याला येणारी माणसं आधी कुठे असतात?

भारतात मरणावर हल्ली जी चर्चा चालते ती बहुतेक कागदाची असते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. २०२४ मध्ये गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, तेव्हा ती बातमी आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरली. मला याचा आनंदच आहे. पण तो कागद मुख्यतः काय करू नका ते सांगतो: व्हेंटिलेटर नको, नळी नको. मग उरलेले आठवडे, कधी महिने, माणसाने कुणाच्या सोबतीने काढायचे? हा प्रश्न मला त्या कागदापेक्षा मोठा वाटतो, आणि त्यावर कुणी भांडतानाही दिसत नाही.

इथे ब्रिटनमध्येही गदारोळ कायद्याचाच आहे. जून २०२५ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने इच्छामरणाचं विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केलं, त्याआधी आणि त्यानंतरही घराघरांत वाद झाले. त्याच काळात पूर्व लंडनमध्ये एक साधं काम चालू होतं आणि आहे. हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसने, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेने, ‘कम्पॅशनेट नेबर्स’ नावाचा उपक्रम उभा केला. परिसरातली माणसं थोडं प्रशिक्षण घेतात आणि गंभीर आजारी माणसाच्या घरी नेमाने जाऊन बसतात. मीही अशाच कामात आहे. औषध द्यायचं नाही, पेशंटला उचलायचं नाही, पैशांच्या व्यवहारात पडायचं नाही. चहा करायचा, गप्पा मारायच्या, नको असतील तर गप्प बसायचं, आणि घरच्या माणसाला तासभर पडू द्यायचं.

मी ज्यांच्याकडे जात असे ते गृहस्थ जमैकाहून आलेले, आयुष्यभर बस चालवलेले. दुखणं किती, शून्य ते दहात सांगा, हे त्यांना नर्स दर खेपेला विचारायची आणि ते चोख उत्तर द्यायचे. त्यांना रात्री झोप लागत नव्हती ती दुसऱ्याच कारणाने. घरातलं गॅस-विजेचं सगळं तेच बघायचे, बायकोला मीटरचं रीडिंग कसं पाठवायचं तेही ठाऊक नव्हतं. त्यांना ते तिला शिकवायचं होतं, पण विषय काढला की ती रडू लागायची. शेवटी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. ते सांगत गेले, तिने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं: कुठलं बिल कधी, बॉयलरवाल्याचा नंबर, डाव्या कपाटातली किल्ली कशाची. मधेच ती म्हणाली, ‘म्हणजे तू नसशील तेव्हा.’ तोवर त्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. त्यानंतर बाकीचंही बोलणं झालं, अंत्यविधीचं, रुसून बसलेल्या मुलाचं. यात डॉक्टरने करण्यासारखं काही नव्हतं. कुणीतरी परकं, घाई नसलेलं माणूस तिथे असणं एवढंच हवं होतं.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवातही अशा बसण्यातून झाली. सिसिली सॉन्डर्स डॉक्टर होण्यापूर्वी लंडनच्या रुग्णालयांत समाजसेविका होत्या. १९४८ मध्ये पोलंडहून आलेल्या एका एकाकी, मरणासन्न ज्यू निर्वासिताशी त्यांच्या लांबलांब गप्पा होत. मरणाऱ्यांसाठी तू काढशील त्या घरातली एक खिडकी मी होईन, असं म्हणत त्याने त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले. ते घर, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, १९६७ मध्ये उघडलं.

मराठी वाचकाला मला मुद्दाम सांगायचंय ते पुढचं. हॅकनीच्या उपक्रमाची प्रेरणा केरळची आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये गंभीर आजाऱ्यांच्या वेदना आणि त्रास कमी करण्यासाठी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली, आणि पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. गावातलेच लोक प्रशिक्षण घेऊन आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागले, छोट्या छोट्या देणग्यांतून खर्च भागवू लागले. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आणलं, पंचायती त्यात आल्या. लंडनने जे कोझिकोडकडून घेतलं ते पुण्याला, नागपूरला इतकं लांबचं का वाटावं?

कारण मेल्यानंतरची सोबत आपल्याकडे पक्की आहे. सुतकाच्या घरात चूल पेटली नाही तरी शेजारून पिठलं-भात येतो, चहाचे थर्मास येतात, रात्री सोबतीला कुणीतरी झोपायला येतं. दहाव्याला घाटावर कोण जाणार, तेराव्याचं कोण बघणार, हे कुणाला सांगावं लागत नाही. इथे मला त्याची फार आठवण येते. लंडनमध्ये अंत्यविधीनंतर लोक सँडविच खाऊन घरी जातात आणि मागे राहिलेलं माणूस एकटं कुलूप उघडतं. पण तीच आपली माणसं मरणाआधी शहाळं आणि सफरचंदं घेऊन दहा मिनिटं टेकतात, ‘काही होत नाही, बऱ्या व्हाल’ म्हणतात आणि उठतात. त्यांना माया नसते असं नाही. घरातच ‘आईला सांगू नका हं’ असं ठरलेलं असतं, मग येणारा तरी काय बोलणार?

माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. निदान तिच्यापासून लपवलं होतं. तिला ते कळलेलं होतं, आणि ते तिने सांगितलं कुणाला, तर ब्युरोमधून रात्रपाळीला येणाऱ्या बाईंना. पाटल्या कुणाला द्यायच्या, कुठलं लुगडं नेसवायचं, कुणाला शेवटचं भेटायचंय, सगळं त्या बाईंपाशी. मुलांना ते नंतर कळलं. महाराष्ट्रात मरणाऱ्यांची सोबत आज खरं तर या बारा-बारा तासांच्या बायका करताहेत. ओठ ओले करणं, कूस बदलणं आणि रात्री तीन वाजता ‘मी जाईन का गं?’ या प्रश्नाला उत्तर देणं हे त्यांच्यावर पडतं. त्यांना ते कुणी शिकवत नाही, आणि पेशंट गेला की दुसऱ्या दिवशी दुसरी ड्युटी.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकाही मला या संदर्भात आठवतात. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होत्या; त्यांच्या प्रकरणातला इच्छामरणावरचा २०११ चा निकाल सगळ्यांच्या लक्षात आहे. १९७३ च्या हल्ल्यापासून २०१५ पर्यंत, एक पिढी निवृत्त झाली की पुढच्या पिढीने, त्यांना सांभाळलं, त्यावर आपण किती बोललो?

‘तिकडे बसून सल्ले देणं सोपं आहे,’ असं माझा भाऊ म्हणतो. आई-वडिलांचं करणं त्याच्या वाट्याला आलं, माझ्या वाट्याला व्हिडिओ कॉल. त्याचा राग रास्त आहे आणि मी तो खोडत नाही. पण त्यालाही दोन तास झोप हवी होती. ती द्यायला परदेशातून बहीण येण्याची गरज नव्हती, खालच्या मजल्यावरचं माणूस पुरलं असतं.

मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं अशाच सेवेचं केंद्र १९९७ पासून. शिकवणारे अनुभवी हात आपल्याकडे आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, भजनी मंडळं आहेत. प्रत्येक संघातून पाच-सहा जणांनी शिकून घ्यावं, ब्युरोच्या बायकांना त्याच प्रशिक्षणात पगारी रजेवर बसवावं, आणि त्याचा खर्च पालिकेने आणि जिल्हा परिषदेने उचलावा. परदेशातल्या मुलांना परवडेल असं महागडं पॅकेज म्हणून ही सोबत विकली जाऊ लागण्याआधी हे व्हायला हवं.